प्रयोगशाळेतली नोकरी आणि आपली मुले
(चेन्नई येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रॅकमनची मुलगी आज एम.एस्सी. होते, पोस्टमनचा मुलगा पीएच.डी.ला नाव घालतो. याचा आम्हांला अभिमान आहे. पण पुढे नोकरी कुठे शोधायची, असे पोराने विचारले की आपण गप्प! आपल्याला भरती म्हणजे भरती बोर्डाची जाहिरात ठाऊक. संशोधनाची भरती अशी एका ठिकाणी होत नाही.

याच शहरातली गोष्ट घ्या. १९१२ साली श्रीनिवास रामानुजन इथल्या पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर हिशेबाचे कारकून होते. कॉलेजची परीक्षा नापास. पण मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांच्यासाठी खटपट केली. स्प्रिंगसाहेब मूळचे रेल्वेचेच इंजिनियर, बरे का! १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने रामानुजनना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. रक्कम अडीचपट, पण मुदत दोनच वर्षे.

आजही घोडे तिथेच अडते. अड्यारची चर्मसंशोधन संस्था, इथली आय.आय.टी., पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, प्रत्येकीची जाहिरात वेगळी आणि तिच्याच संकेतस्थळावर. प्रकल्पाच्या जागांना बहुधा थेट मुलाखतीला बोलावतात. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे, दोन वर्षांनंतर ४२,०००. आम्हांला सर्वांत भक्कम वाटतो तो अणुऊर्जा खात्याच्या प्रशिक्षण शाळेचा मार्ग. वर्षभर शिकवतात, आणि उत्तीर्ण होणारा वैज्ञानिक अधिकारी म्हणून नोकरीला लागतो. इथून जवळ कल्पाक्कमलाही ही शाळा आहे.

मात्र हातात आलेला कागद नीट वाचा. संशोधनवृत्ती म्हणजे पगार नव्हे. तिच्यात भविष्य निर्वाह निधी नाही. आणि 'प्रकल्प संपेपर्यंत' हे शब्द रेल्वेवाल्यांना नवे नाहीत. आपले प्रकल्पावरचे नैमित्तिक कामगार वर्षानुवर्षे त्याच शब्दांवर राबले. १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले, तेव्हा ३६० दिवस सलग काम केलेल्यांना तात्पुरत्या नोकराचा दर्जा देण्याची योजना झाली. प्रयोगशाळेतल्या प्रकल्प सहायकाला अशी योजना नाही. २००६ च्या उमादेवी निकालानंतर तर नुसत्या वर्षांच्या जोरावर कायम होणे फार अवघड झाले. पदवी मोठी, पण नोकरी गँगवरच्या रोजंदारीसारखी!

म्हणून महासंघाने रिकाम्या कायम जागा भरण्याची आणि त्या भरतीत प्रकल्पावरचा काळ अनुभव म्हणून धरण्याची मागणी लावून धरावी, असे आमचे म्हणणे आहे. तोवर शाखांनी निदान एवढे करावे : युनियनच्या फलकावर बदल्या-बढत्यांच्या शेजारी या जाहिराती लावाव्यात, आणि मुलाखतीसाठी परगावाहून येणाऱ्या आपल्या मुलांची एक-दोन रात्रींची मुक्कामाची सोय पाहावी.