चाकणची माणसे कोणत्या रकान्यात?

संगणकाने समाजाचे भवितव्य वर्तविता येईल, ही कल्पना जगभर पोहोचविली ती 1972 सालच्या 'वाढीच्या मर्यादा' या अहवालाने. लोकसंख्या, उद्योग, अन्न, खनिजे व प्रदूषण यांचे परस्परसंबंध समीकरणांत बांधून अमेरिकेतील अभ्यासकांनी 2100 पर्यंतचे आलेख काढले. इशारा खोटा नव्हता. पण त्या प्रतिमानात सारे जग एकच अखंड कुटुंब होते. मालक नाही, मजूर नाही, वसाहतींचा इतिहास तर नाहीच.

1976 साली अर्जेंटिनातील बारिलोचे गटाने, अमिल्कार हेरेरा यांच्या नेतृत्वाखाली, प्रश्नच फिरविला. सर्वांना अन्न, निवारा, शिक्षण व आरोग्य मिळावयाचे तर साधनांची वाटणी कशी असावी, हे त्यांनी विचारले. जन्मवेळचे आयुर्मान ही कसोटी धरली. खरा अडथळा निसर्गाचा नसून समाजरचनेचा व सत्तेचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता चाकणकडे वळावे. नव्या पद्धतीत एकेक माणूस संगणकात स्वतंत्र उभा केला जातो; त्याचे घर, काम, प्रवास ठरविण्यास मुख्य आधार जनगणनेचा. परंतु 2011 नंतरची जनगणना 2021 साली झालीच नाही. आणि कांद्याच्या बाजाराचे हे गाव आता मोटारींचे केंद्र झाले आहे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथे ज्याची जमीन कारखान्यांकडे गेली, तो शेतकरी उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून भाडे घेतो. त्या खोलीत कंत्राटी कामगार पाळीपाळीने झोपतात. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर. त्यांचे रेशनकार्ड बिहारात, मत मराठवाड्यात. भाडे घेणारा व देणारा यांची सरासरी काढली की दोघेही सुस्थितीत दिसतात! 2020 च्या टाळेबंदीत अशी माणसे देशभर पायी निघाली. वाटेत किती मेली याची माहिती नाही, असे सरकारने त्याच सप्टेंबरात संसदेत सांगितले. जे मोजलेच नाही ते संगणक कोठून आणणार?

तथापि यंत्राला नावे ठेवून भागणार नाही. धनंजयराव गाडगीळांनी 1936-37 मध्ये पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली ती कुटुंबाकुटुंबाची विचारपूस करून. चाकणच्या कार्यकर्त्यांनाही हे अशक्य नाही. खोलीत माणसे किती, पाळी कोणती, कंत्राटदार कोण, पाणी कोठून, भाडे किती. एवढे पाच रकाने वहीत आखून पहिली फेरी रविवारी घालता येईल. मात्र रात्रपाळीचे लोक तेव्हा झोपलेले असतील. त्यांच्यासाठी संध्याकाळी पुन्हा जावे लागेल.