किती झाली, किती जगली

आज डॉक्टर झालेल्या मुलामुलींनो,

तुमच्या दवाखान्यात एक वाक्य वरचेवर कानावर पडेल : ‘पूर्वी असले आजार नव्हते, डॉक्टर. घरचं दूधतूप होतं, माणसं ठणठणीत असायची.’ असं म्हणणारे आजोबा खोटं बोलत नसतात. पण हे सांगायला ते आहेत; त्यांची लहानपणीच गेलेली भावंडं नाहीत. जुन्या काळाच्या आठवणी वाचलेल्यांनीच सांगितलेल्या असतात.

आपल्या वंशावळी काढून पाहा. धोंडू, दगडू, भिकू. आधीची मुलं गेली की पुढच्याला मुद्दाम असं नाव द्यायचे, म्हणजे त्याला दृष्ट लागणार नाही. पाचवीच्या रात्री सटवाई पुजायची आणि बाळ-बाळंतिणीपाशी जागत बसायचं. आज आपण ते हौसेनं करतो. त्या बायका जिवाच्या धास्तीनं करत होत्या. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचं सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं. आज ते सत्तरीच्या आसपास आहे.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे दुःख त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन गेलं. 1886 मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियात डॉक्टरची पदवी घेतली आणि 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, क्षयानं त्या गेल्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्येच शोधला होता. त्यावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला मात्र 1943 साल उजाडलं. रोगाचं कारण कळलं आणि इलाज नाही, अशी साठएक वर्षं गेली. तेवढ्या काळात किती घरं रिकामी झाली असतील! तरीही प्रयोगशाळांतून माणसं काम करत राहिली. त्यांतल्या कितीतरी जणांना शेवट पाहायला मिळाला नाही. ही चिकाटी मला कुठल्याही सुवर्णयुगापेक्षा मोठी वाटते.

मात्र आजोबांच्या हळहळीत एक खरी उणीवही असते. आजाऱ्याच्या उशाशी पूर्वी कुणीतरी बसलेलं असायचं. आज तो अतिदक्षता विभागात एकटा आणि नातेवाईक बाहेर बाकावर, काय चाललंय याचा पत्ता नसलेले. ही उणीव भरून काढायला जुने दिवस परत आणायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचा श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं, तेही बाळंतिणीच्या घरी जाऊन. तिथल्या नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. शेजारधर्म जुनाच होता. त्याच्या हाती नवं ज्ञान आलं.

तुमच्यापैकी बरेच जण आता प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जातील. तिथे एखादी नव्वदीची आजी भेटली तर तिच्याजवळ बसा. ‘आजी, मुलं किती झाली?’ विचारा. आणि मग, घाई न करता, ‘जगली किती?’ तेही विचारा. दोन्ही आकडे तुमच्या वहीत लिहून ठेवा.