शाळेचा नळ आणि शिसे

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



तहानलेल्याला पाणी पाजणे हे मोठ्या सवाबचे काम. म्हणूनच मोहरममध्ये सबील लागते, आणि शाळेला काही द्यायचे म्हटले की अनेक सज्जन पाण्याची टाकी किंवा वॉटर कूलर देतात. देणगीदाराचे नाव त्यावर ठळक अक्षरांत असते. पण त्यातून मुलांच्या पोटात काय जाते, याची चौकशी सहसा होत नाही. जंतूंची भीती आपल्याला आहे. आज मी शिशाविषयी बोलणार आहे.

पाण्यात विरघळलेले शिसे डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. पाणी उकळल्यानेही ते जात नाही. वाफ उडून जाते आणि शिसे भांड्यात राहते. विहिरीत वा धरणात ते सहसा नसते. पाणी शाळेपर्यंत चांगले येते आणि शेवटच्या काही हातांत बिघडते. जुनी नळी, सांध्याचे सोल्डर, पितळी तोटी, किंवा शिसे घालून बनविलेली पीव्हीसी पाईप यांतून ते पाण्यात उतरते. पाणी जितका वेळ नळीत साचून राहील, तितके ते अधिक उतरते. घरचा नळ फार तर रात्रभर बंद असतो; शाळेचा नळ रविवारी, ईदला, दिवाळीत आणि सबंध मे महिना बंद असतो. म्हणून हा प्रश्न शाळेचा आणि बालवाडीचा विशेष आहे.

लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे प्रौढाच्या चार-पाच पट शोषून घेते. लोह व कॅल्शियम कमी असलेल्या मुलात ते अधिकच शोषले जाते. ते हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूवर आघात करते. लक्ष लागत नाही, पाठ होत नाही, चिडचिड वाढते. प्रत्येक मागे पडणारा मुलगा शिशामुळेच मागे पडतो असे नव्हे. परंतु ज्याला आपण ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतो, त्याचा दोष कदाचित नळाचाही असेल. झालेली हानी भरून काढणे फार कठीण. म्हणून आधीच जपले पाहिजे.

अमेरिकेतील फ्लिंट शहराने २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला. नळ्या गंजू नयेत म्हणून करावयाची प्रक्रिया केली नाही, आणि जुन्या नळ्यांतील शिसे घराघरांत पोहोचले. २०१५ साली बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे मांडले, तेव्हा प्रशासनाला जाग आली. त्याच देशात शिशाचे अस्तर असलेल्या कूलरांविरुद्ध १९८८ सालीच कायदा करावा लागला होता. आपल्याकडे भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे चालत नाही, आणि पीव्हीसी पाईपमधील शिशाविरुद्ध केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. पण भिंतीत गाडलेली जुनी पाईप नियम वाचीत नाही!

तेव्हा आपण काय करावे?

१. पिण्याचा नळ वेगळा ठेवावा व तसे लिहावे.

२. रोज सकाळी, आणि सुट्टीनंतर अधिक वेळ, साचलेले पाणी सोडून द्यावे. वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही आपली शिकवण. म्हणून ते बादलीत धरून झाडांना, फरशीला वापरावे. पोषण आहार त्यानंतरच्या पाण्यात शिजवावा.

३. तोटीच्या तोंडाची जाळी काढून वरचेवर धुवावी. तिच्यात शिशाचे कण अडकतात.

४. रात्रभर साचलेल्या पाण्याचा पहिलाच नमुना प्रयोगशाळेत पाठवून ‘शिसे तपासा’ असे स्पष्ट लिहून द्यावे. जंतूंच्या तपासणीत शिसे कळत नाही. प्रत्येक नळ स्वतंत्रपणे तपासावा, कारण शेजारच्या दोन नळांतही फरक असू शकतो.

५. दोष आढळताच तो नळ बंद करावा आणि तोटी, सांधा वा पाईप बदलावी. तपासणीचा निकाल पालकांना सांगावा, लपवू नये.

देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे. यापुढे कूलर द्याल, तेव्हा पाण्याच्या तपासणीचा खर्चही त्यासोबत द्या. आणि पालकांनो, आपल्या मुलाच्या शाळेतील पाणी शेवटचे केव्हा तपासले, हे मुख्याध्यापकांना जरूर विचारा. विचारणारा असला की तपासणारा आपोआप तयार होतो.

खुदा हाफिज.