हॅकिंटॉश : अपडेट अडते कुठे?

मॅकओएस ही प्रणाली ॲपल कंपनी आपल्याच यंत्रांसाठी लिहिते. तीच प्रणाली सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकावर चालवली, की त्या संगणकाला हॅकिंटॉश म्हणतात. जानेवारी २००६ मध्ये ॲपलने इंटेलच्या प्रोसेसरचे मॅक बाजारात आणले आणि ही वाट मोकळी झाली. मॅकच्या पोटातला प्रोसेसर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा प्रोसेसर एकाच घराण्याचे झाले. फायनल कट प्रो हे एडिटिंगचे सॉफ्टवेअर फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालते. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या छोट्या स्टुडिओला म्हणूनच स्वस्तातल्या हॅकिंटॉशचा मोह पडतो.

परवान्यात मात्र हे बसत नाही. मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रावर बसवण्याची मुभा तो परवाना देतो. फ्लोरिडातील सायस्टार या कंपनीने २००८ मध्ये असे संगणक विकायला काढले, तेव्हा ॲपल कोर्टात गेली आणि पुढच्याच वर्षी निकाल ॲपलच्या बाजूने लागला. अपडेटमध्ये हॅकिंटॉश बिघडला तर सर्व्हिस सेंटरकडे जाण्याची सोय नाही. निदान मालकाने करायचे, उपचारही त्यानेच.

जोडलेल्या संगणकाला मॅकओएस आपणहून ओळखत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो. पूर्वी हे काम कॅमेलियन आणि क्लोव्हर करत. २०१९ पासून ओपनकोअर पुढे आले. डिस्कच्या ईएफआय नावाच्या छोट्या कप्प्यात हा दुभाषी राहतो. बटण दाबताच तो आधी जागा होतो आणि हे यंत्र म्हणजे अमुक सालचा आयमॅक आहे, असे मॅकओएसला सांगतो. सोबत केक्स्ट नावाच्या पूरक फाइली चढवतो. लिलू ही त्यांतली मुख्य. तिच्या आधाराने व्हॉटएव्हरग्रीन ग्राफिक्स सांभाळते, ॲपलएएलसी आवाज सांभाळते आणि व्हर्च्युअलएसएमसी ॲपलच्या एका चिपचे सोंग वठवते. अपडेटने बदलते ते मॅकओएस. दुभाषी आहे तिथेच राहतो. बहुतेक तक्रारी या फटीतून निघतात.

त्यामुळे आधी ओपनकोअर आणि केक्स्ट नवे करायचे, अपडेटला हात नंतर. हा क्रम उलटला, की वरातीमागून घोडे. लिलूची एक खोड आहे. तिला माहीत नसलेली नवी मोठी आवृत्ती समोर आली, की ती कामच करत नाही आणि तिच्यावर टेकलेल्या बाकीच्या फाइलीही गप्प बसतात. ओपनकोअर नवे आणि त्याची कॉन्फिग फाइल जुनी, असा विजोड मेळही चालत नाही. तो ओसीव्हॅलिडेट हे साधन दाखवून देते. नवी जुळणी आधी पेनड्राइव्हवर टाकून संगणक तिच्यावरून सुरू करून पाहावा. चालणारी जुनी जुळणी दुसऱ्या पेनड्राइव्हवर जपून ठेवावी. टाइम मशीनचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवाच, कारण अपडेट झालेली मॅकओएस मागे नेण्याचा सरळ रस्ता नाही.

मोठ्या आवृत्तीचा पूर्ण इन्स्टॉलर बारा-तेरा जीबींचा, कधी त्याहूनही मोठा असतो. गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यासारख्या गावी, दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवायचा तर आठवडा जाईल. शहरात जाऊन तो पेनड्राइव्हवर आणणे बरे. आणि अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली तर प्रणाली ना जुनी ना नवी अशी अडकू शकते. रोवणीच्या दिवसांत, आभाळ गडगडत असताना, यूपीएसशिवाय हे काम काढूच नये.

एवढे करूनही अपडेट अडते. कधी ते यादीत दिसतच नाही. घेतलेले सोंग टी-२ चिप असलेल्या मॅकचे असेल, तर मॅकओएस सुरक्षित बूटची खूण शोधते आणि ती न सापडल्यास अपडेट पुढेच करत नाही. ओपनकोअरमधील सिक्युअर बूटची नोंद नीट केली किंवा रिस्ट्रिक्टइव्हेंट्स हे केक्स्ट योग्य सूचनेसह लावले, की ते दिसू लागते.

कधी डाउनलोड होते, संगणक बंद-चालू होतो आणि शेवटी जुनीच आवृत्ती उघडते. यात बहुतेकदा बिघाड काहीच नसतो. अपडेटदरम्यान यंत्र अनेकदा रीस्टार्ट होते आणि प्रत्येक वेळी ओपनकोअरच्या यादीत मॅकओएस इन्स्टॉलर ही नोंद निवडली गेली पाहिजे. ती दिसेनाशी झाली, की मगच नेहमीची डिस्क. चहाला उठलेल्या माणसाच्या गैरहजेरीत यंत्र भलत्या नोंदीवर गेलेले असते, एवढेच.

खरी कसोटी ॲपलच्या चिन्हावर थांबलेल्या यंत्राची. तिथे बूटच्या सूचनांत वजा चिन्ह आणि व्ही हे अक्षर घालावे. मग चिन्हाऐवजी सरकत्या ओळी दिसतात. त्यांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, कारण डोळ्यांना त्या पुरत नाहीत. शेवटची ओळ हीच दोषी, असे मात्र धरू नये. पुष्कळदा दोष तिच्या पुढच्या, न उमटलेल्या पायरीत असतो. आधी एनव्हीरॅम, म्हणजे बूटच्या नोंदी ठेवणारी छोटी मेमरी, रीसेट करावी. त्याने भागले नाही तर अनावश्यक केक्स्ट एकेक बंद करून पाहावे. एका वेळी दोन बदल केले, की कोणत्या बदलाने काम झाले ते कळत नाही.

काही दोष दुरुस्तीचे नसतातच. मॅकओएसच्या २०१८ मधील मोहावे आवृत्तीपासून एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक्स कार्डांना ड्रायव्हर मिळाले नाहीत. २०२१ च्या मॉन्टेरेने केप्लर पिढीची जुनी कार्डेही वगळली. २०२३ च्या सोनोमाने ब्रॉडकॉमची जुनी वायफाय कार्डे सोडली. ती पॅचने परत चालवता येतात, पण पॅचमुळे बिग सर आवृत्तीपासून प्रणालीवर असलेली मोहर तुटते; मग पुढचे प्रत्येक अपडेट पूर्ण आकाराचे येते आणि पॅच पुन्हा लावावा लागतो. २०२५ च्या ताहोने तर ॲपलएएलसी ज्यावर उभे होते ती आवाजाची फाइलच काढून टाकली. अशा वेळी कॉन्फिग फाइलशी रात्रभर झुंजण्यापेक्षा यूएसबीचे साधे साउंड कार्ड लावणे शहाणपणाचे.

इंटेलवर चालणारी ताहो ही शेवटची आवृत्ती, असे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. तिच्यापुढची मॅकओएस ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरसाठीच असेल आणि तिथे ओपनकोअरची दुभाषेगिरी चालणार नाही. ताहोवर किंवा आधीच्या सिक्वोयावर थांबलेल्या यंत्रांना सुरक्षेची अपडेटे काही काळ येत राहतील. त्यानंतर त्याच संगणकावर लिनक्स बसवता येईल. भाग शेवटी साध्या पीसीचेच आहेत.