कापडी पंखांची विमानं



अकोल्याहून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलं, की शिवणीची धावपट्टी लागते. 1943 साली, महायुद्धाच्या धामधुमीत ती बांधली गेली. तिच्याकडे पाहिलं की मला मोठी प्रवासी विमानं आठवत नाहीत. आठवतात ती जेमतेम दोन माणसं मावतील अशी जुनी, हलकी विमानं. अशी विमानं दुरुस्त करून पुन्हा उडवण्याचा छंद जगभर आहे. आपल्या वऱ्हाडापासून तो वाटतो तितका दूर नाही, कारण त्याचा एक धागा आपल्या पऱ्हाटीपर्यंत येतो.

या जुन्या विमानांचा सांगाडा लाकडाचा किंवा पोलादी नळ्यांचा असे आणि त्यावर कापड चढवलेलं असे, लिनन किंवा घट्ट विणीचं सुती. पंखाच्या फासळ्यांना ते मेण लावलेल्या दोऱ्यानं, ठरावीक अंतरावर टाके घालून शिवतात. मग त्यावर ‘डोप’ नावाचं रोगण चढवतात. ते वाळताना कापड आक्रसतं आणि तबल्याच्या पुडीसारखं ताठ होतं. हे रोगण ज्या सेल्युलोजपासून बनतं, ते मिळवण्याचा एक जुना मार्ग म्हणजे जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव. म्हणजे कापड सुती असेल तर तेही कापसाचं आणि त्याला ताठ करणारं रोगणही कापसाचंच!

जुनं विमान हाती आलं, की आधी हे कापड उतरवावं लागतं. उन्हानं ते कुजलेलं असतं. ऊन आत शिरू नये म्हणून रोगणात अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळतात. जुन्या विमानांचा तो रुपेरी रंग त्यातूनच येतो. कापड निघालं की खरी परीक्षा सुरू होते. नळीला आतून गंज आहे का, लाकडाचा सरस सुटला आहे का, दोन मॅग्नेटोंपैकी एखादा कमजोर झाला आहे का, हे सगळं पाहावं लागतं. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि दोन्हींची ठिणगी वेगवेगळ्या मॅग्नेटोकडून येते. एक बंद पडला तरी दुसऱ्यानं घरी पोचवावं, म्हणून ही दुहेरी व्यवस्था. काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवायची आणि शंका आली तर तो भाग बदलायचा. इथे ‘चालून जाईल’ हा शब्द चालत नाही.

आपल्या देशाच्या अशा विमानांमागे एक मराठी नाव आहे, डॉ. विष्णु माधव घाटगे. मूळचे कोल्हापूर भागातले घाटगे जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-2 हे शिकाऊ विमान तयार झालं. 1951 साली ते उडालं. पुढे 1958 साली ‘पुष्पक’ उडालं. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड, शेजारी शेजारी दोन जागा आणि नव्वद अश्वशक्तीचं इंजिन. दीडशेच्या वर पुष्पक बनले, देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले आणि वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्यांच्यावर शिकल्या.

जुनं विमान पुन्हा उडतं, याचे दाखले आपल्यासमोर आहेत. 1932 साली कराचीहून मुंबईला टपाल आणणाऱ्या जे. आर. डी. टाटांनी पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जुन्या ‘लेपर्ड मॉथ’मधून एकट्यानं तोच प्रवास पुन्हा केला. आपल्या हवाई दलानं एक ‘टायगर मॉथ’ दुरुस्त करून घेतलं आणि 2012 च्या वायुसेना दिनी ते हिंडनच्या आकाशात उडालं. आणि मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते नवं होतं, जुनं नव्हतं. पण चिकाटी याच जातीची.

वऱ्हाडात उडणाऱ्यानं इथला निसर्गही ओळखला पाहिजे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा विरळ होते आणि लहान इंजिनाच्या विमानाला जमीन सोडायला जास्त धाव लागते. काळी माती तापली की दुपारी हवेचे उसळते झोत उठतात आणि हलकं विमान त्यांत हेलकावतं. अशा विमानाची वेळ म्हणजे पहाट. परवानगीही मनानं घ्यायची नसते. नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि वैमानिकाचा परवाना, तिन्ही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणेच हवेत.

हे सगळं आज सांगायचं कारण एकच. शिवणाऱ्याचं बोट, सुताराचा डोळा आणि मेकॅनिकचा कान, या तिन्हींची या छंदात गरज पडते. आणि ही माणसं आपल्या गावात आहेत. काचेच्या कपाटात ठेवलेलं विमान आपण नुसतं पाहतो; उडतं ठेवलेलं विमान त्यामागची हातोटी जिवंत ठेवतं. म्हणून माझी विनंती आहे: कुठल्या क्लबच्या, महाविद्यालयाच्या आवारात जुनं विमान धूळ खात पडलं असेल, तर ते भंगारात देण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. आणि मुलांनो, तुमच्या महाविद्यालयात एनसीसीची हवाई शाखा असेल तर तिची चौकशी करा. विमान उडवण्याआधी त्याचा एक पंख शिवायला शिका.