चिप आपली, माहिती कुणाची?



संगणकावरचं विंडोज काढून लिनक्स घातलं, किंवा ओपनबीएसडी, फ्रीबीएसडी, हायकू अशी एखादी कमी परिचयाची ऑपरेटिंग सिस्टीम घातली, की पहिली ठेच लागते ती वाय-फायपाशी. पडदा उजळतो, कीबोर्ड चालतो, गाणं लावलं तर ऐकू येतं. नेटवर्कांची यादी मात्र रिकामी. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "फुकटची सिस्टीम, असंच व्हायचं." मला आज या वाक्याला उत्तर द्यायचं आहे. कार्ड चालत नाही तेव्हा बहुतेक वेळा उणीव असते ती त्या कार्डाबद्दलच्या माहितीची, आणि ती माहिती चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कपाटात असते. चिपचे पैसे आपण मोजतो, पण तिला आज्ञा कशा द्यायच्या हे आपल्याला कुणी सांगत नाही. काही माणसांनी ही माहिती मिळवली. कधी खणून, कधी भांडून, कधी शेजाऱ्याकडून मागून. त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे.

आधी थोडं यंत्राविषयी. तारेच्या नेटवर्क कार्डाचं काम त्या मानाने सरळ असतं: आलेली माहितीची पाकिटं तारेवर सोडायची, तारेवरची उचलून आत द्यायची. वाय-फायचं कार्ड हा एक रेडिओ आहे. त्याला चॅनेल लावावा लागतो, प्रक्षेपणाची ताकद ठरवावी लागते, हवा गोंगाटाची असेल तर वेग उतरवावा लागतो, राउटरशी ओळखदेख करून जोडणी करावी लागते, आणि बोललेलं सगळं कुलूपबंद ठेवावं लागतं. ८०२.११ हे मानक १९९७ साली प्रसिद्ध झालं. सुरुवातीच्या अनेक कार्डांत हा व्याप कार्डावरच उरकला जाई, त्यामुळे संगणकाला कार्ड जवळजवळ तारेच्या कार्डासारखंच दिसे. पुढे कार्डं स्वस्त करायची म्हणून त्यातलं बरंचसं काम मुख्य प्रोसेसरवर ढकललं गेलं. साहजिकच वाय-फायची सगळी भाषा ऑपरेटिंग सिस्टीमला स्वतः येणं भाग पडलं. फ्रीबीएसडीकडे त्यासाठीचा पाया नेटबीएसडीतून आला होता. लिनक्सकडे बरीच वर्षं असा एकसंध पाया नव्हता. प्रत्येक ड्रायव्हर आपापली चूल मांडून बसला होता. डिव्हाइसस्केप या कंपनीने स्वतःची संहिता, म्हणजे सोर्स कोड, खुली करून दिली, तिच्यावर पुष्कळ मेहनत झाली, आणि २००७ साली ती 'मॅक८०२११' या नावाने लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, दाखल झाली. आज लिनक्सवर चालणाऱ्या कार्डांपैकी बरीचशी याच पायावर उभी आहेत.

पण पाया असला तरी खाली चिपशी बोलणारा ड्रायव्हर लागतोच, आणि खरी गाठ तिथेच होती.

२००३ च्या सुमारास एक तात्पुरता मार्ग निघाला, 'एनडीआयएसरॅपर'. विंडोजसाठी कंपनीने दिलेला ड्रायव्हर जसाच्या तसा उचलायचा आणि लिनक्समध्ये त्याच्याभोवती विंडोजचा देखावा उभा करायचा. ड्रायव्हरला वाटावं की आपण विंडोजवरच आहोत. फ्रीबीएसडीतही जवळपास त्याच काळात असाच प्रयोग झाला. यामुळे कितीतरी लॅपटॉप नेटवर्कवर आले, आणि हा मार्ग काढणाऱ्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. तरी मला तो मार्ग कधीच पुरेसा वाटला नाही. आत काय चाललं आहे हे न दिसणारी वस्तू कर्नलच्या गाभ्यात बसते. ती कोसळली की सगळा संगणक कोसळतो, आणि दुरुस्त कुणीच करू शकत नाही. शिवाय विंडोजचा ड्रायव्हर इंटेल धाटणीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला. ॲपलच्या त्या वेळच्या आयबुक आणि पॉवरबुकमध्ये पॉवरपीसी प्रोसेसर होता आणि वाय-फायची चिप ब्रॉडकॉमची. त्या यंत्रांवर लिनक्स चालवणाऱ्यांना हा मार्ग बंदच होता.

ब्रॉडकॉमच्या चिपा तेव्हा सगळीकडे होत्या, लॅपटॉपांत आणि राउटरांतही. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी ५४ जी या राउटरच्या आत लिनक्स चालतं हे २००३ साली उघड झालं. संहिता खुली ठेवायला लावणाऱ्या जीपीएल परवान्याप्रमाणे ती मागितली गेली, ती कंपनीला द्यावी लागली, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. वाय-फायचा ड्रायव्हर मात्र त्या राउटरमध्येही बंद डब्यातच राहिला. म्हणजे ब्रॉडकॉमकडे लिनक्सचा ड्रायव्हर होता, वाचता येईल अशा रूपात तो नव्हता, इतकंच. काही स्वयंसेवकांनी मग तो बंद डबा ओळीओळीने उलगडायचं ठरवलं.

त्यांनी हे ज्या पद्धतीने केलं तिचं मला फार कौतुक आहे. त्यांनी दोन गट केले. एका गटाने तयार ड्रायव्हरची यंत्रभाषा वाचायची आणि चिप कशी वागते याचं वर्णन साध्या भाषेत लिहायचं: अमुक रजिस्टरमध्ये अमुक आकडा घाला, इतकं थांबा, मग ते वाचा. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही पाहायचं नाही, फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. एकाने बंदिश ऐकून तिची स्वरलिपी लिहावी आणि दुसऱ्याने, मूळ गायन कधीही कानावर न घेता, केवळ त्या स्वरलिपीवरून गावं, तशी ही रचना होती. हेतू कायद्याचा होता. चिपचं वर्तन ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नाही. हक्क आहे तो लिहिलेल्या संहितेवर. दुसऱ्या गटाने ती संहिता पाहिलेलीच नसेल तर नक्कल केल्याचा आरोप टिकत नाही. हजारो नोंदींचं हे काम या शिस्तीने, कसलाही मोबदला न घेता पुरं झालं, आणि जून २००६ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.१७ मध्ये 'बीसीएम४३एक्सएक्स' हा ड्रायव्हर दाखल झाला. पुढे तो नव्या पायावर 'बी४३' या नावाने नव्याने बांधला गेला. ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी स्वतःहून खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. तोवरची वर्षं या माणसांनी निभावून नेली.

इथे एक पेच उरतो, फर्मवेअरचा. चिपच्या आत एक छोटा प्रोसेसर असतो. त्याने चालवायचा कार्यक्रम पुष्कळदा चिपवर कायमचा नसतो, दर वेळी ड्रायव्हरने तो आत भरायचा असतो. ड्रायव्हर खुला झाला तरी हा कार्यक्रम कंपनीचाच, आणि तो वाटायची परवानगी नसली तर? बी४३ वाल्यांनी त्यासाठी एक साधन केलं. वापरणाऱ्याने कंपनीचा ड्रायव्हर स्वतः उतरवून घ्यायचा आणि त्यातला फर्मवेअरचा तुकडा या साधनाने कापून काढायचा. इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठात तर काही ब्रॉडकॉम चिपांसाठी पूर्णपणे खुलं फर्मवेअरच लिहिलं गेलं. एखाद्या विद्यापीठाने असं काम हाती घ्यावं हे मला आदर्श वाटतं. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी याकडे जरूर पाहावं.

ॲथेरॉसची कथा वेगळ्या वळणाची आहे. या कंपनीच्या चिपांसाठी लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर ड्रायव्हर होता, पण त्याचा मधला थर बंद होता. कारण असं दिलं जाई की चिप कोणत्या लहरीवर आणि किती ताकदीने बोलेल हे सॉफ्टवेअर ठरवतं. ते उघडं केलं तर कुणीही कायदा मोडेल. ओपनबीएसडीच्या राइक फ्लोटर यांनी हा थर स्वतः अभ्यासून नव्याने लिहिला. तो लिनक्समध्ये आणताना नकलेची शंका निघाली, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरच्या वकिलांनी संहिता तपासून २००७ साली निर्वाळा दिला, आणि २००८ मध्ये 'एटीएच५के' कर्नलमध्ये आला. त्याच वर्षी ॲथेरॉसने स्वतः 'एटीएच९के' हा खुला ड्रायव्हर दिला आणि जुन्या बंद थराची संहिताही खुली केली. ज्या कायद्याचा धाक दाखवला जात होता त्याचं पालन करायची व्यवस्था लिनक्समध्ये उघडपणे बांधली गेली: देशाचा संकेत द्यायचा आणि त्या देशाच्या नियमात बसतील तेवढेच चॅनेल वापरायचे.

हा देश-संकेत आपल्याही उपयोगाचा आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि आपल्याला १ ते १३ हे चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच. राउटर तेराव्या चॅनेलवर असेल आणि लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजत असेल, तर शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, स्वतःचंच दिसत नाही. कार्ड बिघडलं म्हणून बदलण्याआधी देश-संकेत 'आयएन' आहे ना, एवढं पाहावं.

ओपनबीएसडीचे संस्थापक थिओ डी राट यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. त्यांची भूमिका आग्रही होती आणि आहे: बंद ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायचा नाही, कितीही गैरसोय झाली तरी. फर्मवेअर मात्र निदान मुक्तपणे वाटू द्या, एवढीच त्यांची कंपन्यांकडे मागणी. त्यासाठी त्यांनी कंपन्यांना पत्रं लिहिली आणि वापरणाऱ्यांनाही लिहायला लावली. काही कंपन्यांनी ऐकलं, काहींनी नाही. २००४ सालचा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचा स्वर अनेकांना कडवट वाटतो. मला वाटतं, तो कडवटपणा नसता तर आज आपण सगळेच अजून उसन्या ड्रायव्हरांवर जगत असतो.

आता अगदी नव्या आणि छोट्या सिस्टीमचं काय? हायकू घ्या. बी कंपनीचा व्यवहार २००१ मध्ये आटोपला तेव्हा तिच्या बीओएस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या चाहत्यांनी तशीच सिस्टीम मुळापासून लिहायला घेतली. मूठभर माणसं शेकडो चिपांचे ड्रायव्हर कुठून लिहिणार? त्यांनी फ्रीबीएसडीच्या कर्नलसारखा दिसणारा एक पातळ थर हायकूत बांधला, म्हणजे फ्रीबीएसडीचे ड्रायव्हर फार न बदलता तिथे चालू लागले. पुढे ओपनबीएसडीसाठीही तसाच थर झाला आणि डिसेंबर २०२२ च्या चौथ्या बीटा आवृत्तीत इंटेलची नवी कार्डं त्यावर चालू लागली. वरवर पाहता ही एनडीआयएसरॅपरचीच युक्ती. फरक मोठा आहे: इथे उसना आणलेला ड्रायव्हर वाचता येतो, सुधारता येतो, आणि सापडलेली चूक मूळ घरी कळवता येते. फ्रीबीएसडीनेही आता इंटेलच्या कार्डांसाठी लिनक्सचा ड्रायव्हर असाच आणला आहे. काही जण तर फ्रीबीएसडीच्या पोटात एक चिमुकलं लिनक्स आभासी यंत्र चालवून कार्ड त्याच्या हवाली करतात. ते पाहून वाईटही वाटतं. एका कार्डासाठी आख्खी दुसरी सिस्टीम पोसायची!

आणि ॲपलच्या एम१ लॅपटॉपांवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाला ब्रॉडकॉमच्याच चिपसाठी काय करावं लागलं? त्याच यंत्रावरच्या मॅकओएसमधून फर्मवेअर उचलून बाजूला ठेवावं लागलं. बी४३ वाल्यांचीच जुनी वाट.

शेवटी, ज्यांच्या घरी, वाचनालयात किंवा शाळेत जुन्या यंत्रांवर लिनक्स घालायचा विचार आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. सिस्टीम घालण्याआधी ती पेन ड्राइव्हवरून चालवून वाय-फाय दिसतं का पाहा. दिसलं नाही तर 'एलएसपीसीआय' किंवा 'एलएसयूएसबी' ही आज्ञा देऊन चिपचा ओळख-क्रमांक लिहून घ्या. कार्डाच्या खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन या यूएसबी कार्डाच्या पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसची चिप आहे. तिचा ड्रायव्हर खुला, आणि २०१३ पासून फर्मवेअरसुद्धा खुलं. दुसऱ्या आवृत्तीत, त्याच नावाखाली, रिअलटेकची पूर्ण वेगळी चिप आहे. काही डोंगल तर लावताच सीडी ड्राइव्ह असल्याचं सांगतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात असतो. त्यांना आधी 'यूएसबी मोडस्विच'ने कार्डाच्या रूपात आणावं लागतं. फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला फर्मवेअर, अशी कोंडी झाली तर मोबाइल यूएसबीच्या तारेने जोडून त्याचं इंटरनेट वापरा. बहुतेक सिस्टीमना ते लगेच कळतं. डेबियन या लिनक्स वितरणाने तर ही कोंडी पाहून २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. तत्त्वाला मुरड घातली असं काहींना वाटलं. मला तो निर्णय माणुसकीचा वाटतो.

एवढं करूनही कार्ड चाललं नाही, तर गप्प बसू नका. ड्रायव्हरमध्ये ओळखीच्या चिपांच्या क्रमांकांची एक यादी असते, आणि कित्येकदा त्या यादीत एक ओळ घालण्यानेच नवं कार्ड चालू होतं. तुमच्या सिस्टीमच्या प्रकल्पाकडे तक्रार नोंदवताना चिपचा ओळख-क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि कार्ड लावल्यावर 'डीमेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या ओळी जशाच्या तशा द्या. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, क्रमांक अचूक हवा. आणि मागाहून कुणी "हा बदल करून पाहा" असं कळवलं, तर तो करून पाहून काय झालं ते परत कळवा. तिथवर आलेल्या कितीतरी तक्रारी केवळ त्या उत्तराअभावी पडून राहतात.