पत्त्याचे दप्तर



मागच्या वर्षी आमच्या परिचयाच्या एका वाचनालयाला ई-मेलने येणारी पत्रे एकाएकी बंद झाली. संगणक ठीक, तारा ठीक. चौकशीअंती कळले ते असे की, संस्थेचे इंटरनेटवरचे नाव ज्या होतकरू तरुणाने नोंदले होते त्याने ते स्वतःच्याच नावावर नोंदले होते. मुदत संपत आल्याची सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर गेली, आणि तो तर केव्हाच गाव सोडून गेलेला. 'डोमेन नेम' ही काय चीज आहे, हे कार्यकारी मंडळात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही; तोवर आम्हीही त्याचा विचार केला नव्हता. आजचा विषय त्यातूनच निघाला.

आरंभ लहान होता. अमेरिकेतील आर्पानेट हे संगणकांचे जाळे 1969 साली सुरू झाले. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडले, आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'चे ते वाटोळे चिन्ह घातले. सर्व यंत्रांच्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथील कचेरीत असे. एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली ती चाले. नवे यंत्र आले की तिथे कळवायचे, आणि बाकीच्यांनी यादी पुन्हा उतरवून घ्यायची. यंत्रे शेकड्यांनी वाढली तेव्हा हे निभेना. शिवाय एक नाव एकालाच मिळणार! आपल्याकडे वडगावे किती आहेत? म्हणून तर मावळ, शेरी, बुद्रुक अशी पुस्ती जोडावी लागते.

पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 साली जी योजना मांडली ती अशा पुस्तीचीच होय. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे पत्ता लिहायचा. जिल्ह्याच्या दप्तरात फक्त तालुके, गावांची नोंद तालुक्याने ठेवावी. सारे एका कचेरीने जाणण्याची गरजच उरली नाही.

परंतु त्या काळी सर्वच यंत्रे आर्पानेटवर नव्हती. कित्येक विद्यापीठे आणि लहान कंपन्या रात्री, टेलिफोनचा दर उतरला की, शेजारच्या यंत्राला फोन लावून पत्रांची देवघेव करीत. या पद्धतीला यूयूसीपी म्हणत. तिच्यात पत्ता म्हणजे पत्ता नव्हताच, ती वाट होती: अमक्या यंत्राकडून तमक्याकडे, तेथून पलीकडे, मध्ये उद्गारचिन्हे. वाटेतले एक यंत्र बंद पडले की पत्र अडलेच. मग लोकांनी सोय म्हणून नावापुढे 'यूयूसीपी' अशी शेपटी लावायला आरंभ केला. ती दिसायला पुस्तीसारखी, पण मूळ दप्तरात तिची नोंदच नव्हती. ओळखीच्या यंत्रांना ती कळे, अनोळखी यंत्र मात्र पत्र परत करी. स्वतःच घेतलेली पदवी गावाबाहेर चालत नाही, त्यातलाच हा प्रकार.

उपाय निघाला तो आपल्या 'मार्फत' या शब्दासारखा. जानेवारी 1986 मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी एक नियमपत्र लिहिले. त्यान्वये लहान यंत्राने रीतसर नाव नोंदवायचे, आणि त्या नावाची पत्रे कोणते मोठे यंत्र स्वीकारील तेही दप्तरात लिहायचे. घरी तार नसलेल्या माणसालाही मग कायमचा पत्ता मिळाला. उद्या 'मार्फत' बदलली तरी नाव तेच.

नोंदणीच्या अटी जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर 1984 मध्येच घातल्या होत्या. नावामागे एक जबाबदार व्यक्ती हवी आणि उत्तर देणारी निदान दोन यंत्रे हवीत, म्हणजे एक बंद पडले तर दुसरे बोलेल. पैसे पडत नसत. 'कॉम'सारख्या नावांना शुल्क लागले ते 1995 पासून, दोन वर्षांचे 100 डॉलर.

सर्वांनी एकच रीत पाळली असेही नाही. ब्रिटनमधील विद्यापीठे पत्ता उलटा लिहीत, देश आधी. त्यामुळे संगणकशास्त्र विभागाची 'सीएस' ही अक्षरे शेवटी येत, आणि तीच चेकोस्लोव्हाकियाची खूण! ब्रिटिश प्राध्यापकाचे पत्र प्रागच्या वाटेला लागण्याची पाळी येई.

आपल्या देशाची 'इन' ही पुस्ती 8 मे 1989 रोजी नोंदली गेली. तिचे दप्तर कोठे होते ठाऊक आहे? मुंबईत, जुहूला, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत. पाच आयआयटी, बंगलोरची विज्ञानसंस्था, दिल्लीचे इलेक्ट्रॉनिक्स खाते आणि ही संस्था अशा आठांनी 1986 साली एर्नेट हे जाळे उभारण्यास घेतले होते. देशाचे दप्तर सांभाळणाऱ्यांविषयी पोस्टेल यांनी 1994 मध्ये लिहिले की, येथे हक्क आणि मालकीची भाषा गैर आहे. बोलायचे तर जबाबदारीविषयी आणि सेवेविषयी बोलावे. आम्हांला हे पटते. आमच्या वाचनालयात भांडण मात्र नेमके मालकीवर आले: नाव त्या तरुणाचे की संस्थेचे? तो भला निघाला, पैसे भरून नाव त्याने संस्थेला लिहून दिले. आता नोंदीत संस्थेचे नाव आहे आणि सूचना दोन पदाधिकाऱ्यांकडे जातात.

मधल्या तीन आठवड्यांत एका गृहस्थांचे पत्र परत गेले होते. वडिलांचा ग्रंथसंग्रह ते देऊ करीत होते. उत्तर नाही म्हणून तो त्यांनी दुसऱ्या गावच्या शाळेला दिला.